बंद केंद्राची पाटी

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता मी एका शेडच्या दाराला ‘बंद केंद्र’ अशी पाटी टांगली आणि आत खुर्चीवर बसून माणसं यायची वाट बघू लागलो.

पाटीत शुद्धलेखनाची चूक नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या सकाळबद्दल अभिमानानं सांगावं असं माझ्याकडे एवढंच आहे. अक्षर टपोरं होतं, शिरोरेषा पट्टीनं मारलेली होती, आणि ‘द्र’ तर असा उतरला होता की शाळेत असतो तर आठवडाभर फळ्यावरून पुसू दिला नसता. हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवून मी निवृत्त झालो. निवृत्त माणसाला काही ना काही नाद लागतोच. कुणी पत्ते कुटतो, कुणी सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतो. मला इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द काढायचा नाद लागला. मिक्सरला मी काय नाव ठेवलं होतं ते इथं लिहीत नाही, पण त्या नावानं मागितलेली चटणी बायकोनं महिनाभर माझ्या ताटात पडू दिली नाही.

आता त्या शेडमध्ये मी काय करत होतो ते सांगायचं तर दोन वर्षं मागं जावं लागेल, एका पंक्चर झालेल्या चाकाशी.

संगमनेरचा बाजार करून आम्ही दोघं घरी येत होतो. आमच्या फाट्याच्या अलीकडे चाक बसलं. डिकीत बाटलीच्या आकाराचा जॅक होता. तो गाडीखाली सरकवला, दांडा घातला आणि वर-खाली करू लागलो. गाडी ढिम्म. वजन जास्त होत असेल, असा मी विचार केला आणि बायकोला खाली उतरवलं. पुन्हा दांडा. मग कांद्याची गोणी उतरवली. मग डाळिंबाचं खोकं. शेवटी पायाखालच्या रबरी मॅटसुद्धा काढून बाभळीखाली मांडल्या. वीस मिनिटं मी दांडा मारत होतो आणि गाडी रिकामी होत होती, पण उठत नव्हती. रस्त्याकडेला असा मांडलेला संसार बघून पलीकडच्या गॅरेजातून एक वयस्क मिस्त्री चालत आले. वाकले, जॅकच्या बुडाशी असलेला एक स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि दांडा मारला. गाडी उठली.

“तेल वर जात होतं आन् तिथूनच माघारी येत होतं,” ते म्हणाले. “परतीची वाट उघडी होती, सर. पाहुण्यांना उगाच उन्हात उतरवलंत.”

“पाहुण्या नाहीत, आमची मंडळी आहे,” मी म्हणालो.

“मग तर लईच उगाच.”

हे चाचा. अख्खा फाटा त्यांना याच नावानं हाक मारतो. ट्रॅक्टरच्या मागची लिफ्ट, उलटी होऊन माल ओतणारी ट्रॉली, पुढं बादली लावलेले लोडर, असली तेलाच्या दाबावर चालणारी कामं त्यांनी चाळीस वर्षं केली. त्या दिवसापासून मी रोज त्यांच्या गॅरेजात जाऊन बसू लागलो. बायकोची हरकत नव्हती. माणूस कुठं आहे ते तिला कळत होतं आणि तो घरात नाही याचं समाधान वेगळं.

मग मला जिकडंतिकडं हायड्रॉलिक दिसू लागलं. सलूनमधली खुर्ची, दाताच्या डॉक्टरांची खुर्ची, गाडीचे ब्रेक. एकदा एसटीचं दार उघडताना फुस्स आवाज झाला आणि मी शेजारच्या प्रवाशाला ते कसं तेलावर चालतं हे संगमनेर येईपर्यंत समजावून सांगितलं. संध्याकाळी चाचांना ही हकीकत मोठ्या हौसेनं ऐकवली, तर त्यांनी कपाळाला हात लावला. “ती हवा असती, सर. फुस्स केलं की हवा. कन्हलं की तेल.”

हे ज्ञान मी घरी नेलं. बायको म्हणाली, “म्हणजे तुम्ही पलंगावरून उठता ते तेलावर.”

तर असं चाललं होतं, आणि मग चाचांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, पाना उचलायचा नाही. गॅरेज भाच्यानं सांभाळलं आणि चाचा दारातल्या बाकावर बसू लागले. मशीन यायचं, ते बाकावरूनच कान द्यायचे आणि भाच्याला सांगायचे, पंप बरा आहे, व्हॉल्व्ह चुकीचा बसवलाय. भाचा खोलून बघायचा, तर तसंच असायचं. पण बाकावर बसलेला मिस्त्री म्हणजे खुंटीला टांगलेली पिशवी. एक दिवस चहा पिताना ते म्हणाले, “हातातलं काम गेलं. कानातलं आन् बोटांतलं अजून हाय. ते तोंडानं देता येतं का, एकदा बघायचंय.”

हे ऐकून माझ्यातला मास्तर उठून बसला. मी म्हणालो, वर्ग भरवू.

जागा मी मिळवली. गावात दूध संकलनाचं जुनं शेड रिकामं होतं. दूध कधीच दुसरीकडं गेलं, पण गाव अजून त्या शेडला ‘केंद्र’च म्हणतं. केंद्रावर थांब, केंद्रापासून डावीकडं वळ, असं. हे नाव जरा लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही. शेड सोसायटीच्या ताब्यात होतं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना तिथं खताच्या गोण्या ठेवायच्या होत्या. माणूस सरळ. त्यांनी सरळच अट घातली. पहिल्या वर्गाला अकरा वाजता मी मोजायला येतो. पंधरा माणसं दिसली तर दर शनिवारी शेड चाचांचं. एक जरी कमी भरलं तर गोण्या.

चाचांनी त्या दिवसासाठी एकच धडा निवडला. म्हणाले, तेलाच्या सगळ्या मशीनचे मुळात दोन प्रकार, ओपन सेंटर आणि क्लोज सेंटर. हे एवढं ओळखता आलं की माणूस एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्याला बसवणार नाही, आणि निम्मी मशीनं मरायची वाचतील. दाखवायला दोन मशीनं ठरली. भाच्याचा जुना ट्रॅक्टर ओपनचा, आणि फाट्यावरच्या एकाचा नवा लोडर क्लोजचा.

मी वही काढली. ओपन सेंटर, खुले केंद्र. क्लोज सेंटर, बंद केंद्र. इतका सरळ प्रतिशब्द मला आयुष्यात सापडला नव्हता. दोन पाट्या करू म्हणालो.

चाचा म्हणाले, “मशीन समोर उभं असनार. पाटी कशाला?”

मी म्हणालो, विद्यार्थ्याला पारिभाषिक शब्द डोळ्यासमोर लागतो. चाचा बिचारे चौथीपर्यंत शिकलेले आणि मास्तर म्हटला की मान देणारे. गप्प बसले. चाळीस वर्षांत कुणी त्यांना चुकीचा नट लावायला सांगितला असता तर त्यांनी लावला नसता. माझ्या पाट्या तेवढ्या लावू दिल्या.

शनिवारी सकाळी चाचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. खिशात कंगवा होता. तो त्यांनी माझ्यादेखत तीनदा काढला. शेडला दोन दारं. पुढचं गावच्या रस्त्यावर, मागचं ग्रामपंचायतीकडच्या गल्लीत. नवा लोडर त्याच्या ड्रायव्हरनं रात्रीच पुढच्या दाराशी लावला होता आणि किल्ली घेऊन तो घरी गेला होता. जुना ट्रॅक्टर मागच्या दाराशी. मी ‘बंद केंद्र’ची पाटी लोडरला चिकटवायला गेलो. मशीन तेलकट, चिकटपट्टी धरेना. शेजारी दार होतं, दाराला कडी होती, पाटीला सुतळी होती. टांगली. मग एक पाटी दाराला आणि दुसरी मशीनला हे बरं दिसेना, म्हणून मागं जाऊन ‘खुले केंद्र’ही दारालाच टांगलं. वाऱ्यानं धूळ येत होती म्हणून पुढचं दार लोटून घेतलं. मग हजेरीचं रजिस्टर उघडून बसलो.

दहा वाजले. बाहेर मोटरसायकलींचे आवाज येत होते. येत होते, थांबत होते आणि जात होते. मी चाचांना म्हणालो, गाड्या लावायला पलीकडं जातायत. मग एक ट्रॅक्टर आला, कण्हत थांबला आणि कण्हत गेला. मी म्हणालो, सावली शोधतोय. चाचांनी चौथ्यांदा कंगवा काढला.

सव्वादहाला मागच्या दारानं एक मावशी आत आल्या. हिरवं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड. मागोमाग तीन जण, त्यांच्याही हातात कागद. चाचांचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरलो नाही. त्यांनी स्वतः, डाव्या हातानं, चार खुर्च्या पुढं ओढल्या.

मावशी बसल्या आणि उजवा अंगठा पुढं करून म्हणाल्या, “घ्या.”

चाचांना वाटलं, हजेरीला अंगठा देतायत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी रजिस्टर पुढं केलं. मावशींनी रजिस्टर बघितलं, मला बघितलं. “यंत्र कुठाय? तीन दिस झालं, पंचायतीतल्या सेवा केंद्राला कुलूप, त्यो दाखल्यावाला मेव्हनीच्या लग्नाला गेलाय. हितं खुलं केंद्र लिवलंय म्हनून आले.”

मी रजिस्टर मिटलं. तरी मी विचारलं, पुढच्या दारानं का नाही आलात.

“पुढं बंद केंद्र लिवलंय की. पुढनं आल्याली समदी माघारी गेली. टपरीवर बसल्यात, शिव्या देत्यात.”

चाचांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नवीन मशीन दाराशी आल्यावर ते जसं बघायचे, बिघाड नेमका कुठं आहे ते शोधत, तसं.

मी आधी मोबाईल काढला. वर्गासाठी मी एक ग्रुप केला होता. त्यावर घाईघाईनं लिहिलं : ‘सूचना. केंद्र बंद नाही. बंद केंद्र हे आहे. सर्वांनी त्वरित यावे.’ पहिलं उत्तर आलं, ‘नक्की काय?’ दुसरं आलं, ‘उघडल्यावर कळवा.’ तिसऱ्यानं विचारलं, ‘सर, तब्येत बरी आहे ना?’

म्हणून स्कूटर काढली. निघताना चाचांना म्हणालो, या चौघांना तेवढं बोलण्यात गुंतवून ठेवा.

टपरीवर अकरा जण होते. बाकीचे घरी गेलेले. अकरा जणांच्या मध्ये, चहाची बशी हातात धरून, बारावे सेक्रेटरी. मला बघून म्हणाले, “मीच वाचली पाटी. म्हटलं, चाचांनी ऐन वेळी माघार घेतली. ठीक आहे, होतं असं. गोण्यांचा टेम्पो बोलावलाय आता.”

मी गाडीवरून उतरता उतरता बोलायला लागलो. बंद हे इथं विशेषण आहे, पण केंद्र म्हणजे ही इमारत नव्हे, व्हॉल्व्हच्या मधला जो भाग असतो तो, आणि दांडा मोकळा असताना त्या मध्यातून तेलाला वाट नसते, या अर्थानं बंद. अकरा जण ऐकत होते. असा शांत वर्ग मला तीस वर्षांत मिळाला नव्हता.

त्यांच्यात एक मिशाळ ड्रायव्हर होता, माझाच जुना विद्यार्थी. नववीला मराठीत मी त्याला पस्तीसपर्यंत पोचू दिलं नव्हतं. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. “सर, पाटी कुनी लावली?”

“मी.”

“आन् चाचा?”

“आत आहेत. सकाळपासून वाट बघतायत.”

तो बाकीच्यांकडं वळला. “मराठीचा पेपर लिहायचो तवा सर म्हनायचे, वाक्यात उपयोग करा. आज सरांनी केला बघा.”

त्यानंतर टपरी जी हसायला लागली ती थांबेना. टपरीवाल्याचं दूध उतू गेलं. मलाही हसू आलं, म्हणजे आधी रडू येत होतं त्याच वाटेनं आलं. सेक्रेटरी सोडून सगळे हसत होते, आणि मग बशीतला चहा शर्टावर सांडला तेव्हा तेही. पण हसून झाल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. “अकराला सात कमी. मोजायला येतो म्हटलोय, येणार. पंधरा म्हणजे पंधरा.”

मिरवणूक निघाली. पुढं माझी स्कूटर, मागं मोटरसायकली, त्यामागं माझ्या विद्यार्थ्याचा लोडर लावलेला ट्रॅक्टर. मघाशी सावली शोधतोय असं मी ज्याच्याबद्दल म्हणालो होतो तोच. हा ट्रॅक्टर उभा असला तरी कण्हत होता. त्यानं महिन्यापूर्वी भंगारातून एक व्हॉल्व्ह आणून लोडरला बसवला होता, आणि तेव्हापासून इंजिन दमतं, तेल तापतं, काही कळत नाही, असं तो टपरीवर सांगत होता. इंजिनच गेलं म्हणून रडकुंडीला आला होता. वर्गाला तो त्यासाठीच आला होता. पाटी वाचून परत गेला होता.

शेडशी पोचलो तर आतून चाचांचा आवाज येत होता. मी हात करून सगळ्यांना थांबवलं.

चाचा चौघांपुढं उभे होते आणि हातात खडू होता, पण फळा कोरा होता. “पाटाला आवर्तन सुटलंय,” ते सांगत होते. “तुमचं बारं न्हाई, पाळी दुसऱ्याची. मग पानी थांबतं का, मावशी?”

“थांबंल कशाला. पुढं जातंय.”

“तुमी दारं धरलं, पानी वावरात वळवलं. भरनं झालं, दारं बुजवलं. मग?”

“मग परत पाटानं पुढं.”

“हे ओपन. पंप फिरतोय, तेल वाहातंय, काम असो नसो. दांडा वढला की कामाला वळतंय, सोडला की परतीच्या नळीनं टाकीत. आता बंगल्यावाल्यांकडं प्रेशरचा पंप असतो बघा. नळ सोडला तर ढकलतो, नळ बंद केला तर गप. हे क्लोज. मशीनचा पंप फिरतो, पन ढकलत न्हाई. दाब धरून बसतो.”

मावशींच्या मांडीवर आधार कार्ड तसंच पडलं होतं. त्या पुढं वाकून ऐकत होत्या. खांदा गेलेल्या माणसाचा तो हात हवेत इतका मोकळा फिरत होता, की पाट कुठून आला आणि त्याची चारी वावराकडं कुठं फुटली ते कोऱ्या फळ्याजवळच्या हवेत दिसत होतं. त्यांच्या लेखी वर्ग भरलेला होता. चार होते, पण भरलेला होता.

आम्ही आत शिरलो आणि खुर्च्यांचा खडखडाट झाला. चाचांनी खडू खाली ठेवला. परत उचलला.

सेक्रेटरींनी बोट करून मोजलं. अकरा आणि चार, पंधरा. मग त्यांचं बोट चौघांच्या हातातल्या कागदांवर थांबलं. “ही मंडळी दाखल्यांना आलीत. ही कशी धरायची?”

तिघांनी लगेच सांगितलं, आमच्या घरी ट्रॅक्टर आहे, आम्ही आता उठणार नाही. सेक्रेटरींनी ते धरलं. राहिल्या मावशी. एकानं कमी. बाहेर खताचा टेम्पो येऊन उभा राहिला आणि त्यानं हॉर्न दिला. चाचांचा हात कंगव्याकडं गेला.

“मावशी, तुम्ही अंगठ्याला आलात ना?” सेक्रेटरींनी विचारलं, आणि खरं म्हणजे हळुवारच विचारलं.

“आले हुते,” मावशी म्हणाल्या. “आता शिकाया बसलेय. चाळीस वर्सं दारं धरलीत म्या. ह्ये मानूस माझ्याच वावरातलं सांगतंय. इचारा काय इचारायचं ते.”

सेक्रेटरी पेचात पडले. ओळखायला सांगावं तर दोन्ही दारांना पाट्या. मग त्यांचं लक्ष बाहेर कण्हणाऱ्या ट्रॅक्टरकडं गेलं. त्याला पाटी नव्हती. “हा कोणता, सांगा. पाटीवरून ओळखायचा प्रश्नच नको. पाट्यांचं आज बघितलंय.”

सगळे बाहेर आलो. चाचांनी आधी स्वतः मशीनभोवती फिरून बघितलं. दाबाच्या नळ्यांना कुणी हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं. गळती शोधायची तर पुठ्ठा धरायचा, हात नाही. मग व्हॉल्व्हकडून टाकीकडं जाणारी, दाब नसलेली परतीची नळी दाखवली, आत तेल वाहातंय की गप आहे ते तळव्याला कळतं म्हणाले आणि बाजूला झाले. मावशींनी पदर खोचला आणि नळीवर तळवा ठेवला. ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मी मनात म्हणालो, हलतंय म्हणा, वाहातंय म्हणा. मला तो ट्रॅक्टर ओपनचा आहे एवढं माहीत होतं.

“गप हाय,” त्या म्हणाल्या.

माझा जीव गेला. गप म्हणजे क्लोज. चुकलं. सेक्रेटरी टेम्पोकडं वळलेच होते. चाचा मात्र हलले नाहीत.

मावशींनी हात काढला नव्हता. त्यांनी कान इंजिनाकडं केला. पंपाजवळून बारीक शिट्टी येत होती. “पर नळ म्हनावा, तर ह्यो कन्हतोय कशापायी? बंगल्यातला पंप असा कन्हत न्हाई. पाटच हाय ह्यो. फुडं कुनीतरी मुद्दाम दगड लावलाय. पानी तुंबलंय.”

चाचा पुढं झाले आणि माझ्या विद्यार्थ्याला म्हणाले, इंजिन बंद कर. मग वाकून भंगारातून आणलेला तो व्हॉल्व्ह बघितला, त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं. “क्लोजचा व्हॉल्व्ह हाय,” ते म्हणाले. “ओपनच्या पंपाला बसवलाय. दगडच लावलाय, मावशी म्हनत्यात तसा. इंजिन चांगलं हाय रं, व्हॉल्व्ह बदल.” आणि मग सेक्रेटरींकडं वळून, जरा थांबून, “हे म्या शिकवलं नव्हतं. हे त्यांनी म्होरं जाऊन सांगितलं.”

माझा विद्यार्थी खाली वाकला आणि मावशींच्या पाया पडला. मावशी म्हणाल्या, सरक, तेलाचा हात लागंल, आणि पाय मागं घेतले.

“पंधरा,” सेक्रेटरी म्हणाले. टेम्पोवाल्याला त्यांनी सांगितलं, गोण्या माझ्या गोठ्यात उतरव. मग आत जाऊन ते स्वतःच सोळाव्या खुर्चीवर बसले.

वर्ग एक वाजेपर्यंत चालला. नव्या लोडरची किल्ली आली, परतीच्या नळीला एकेकानं हात लावून बघितलं आणि ती खरंच गप होती. जुन्या ट्रॅक्टरच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत तेल पाटासारखं येऊन पडत होतं. ते बघायला मोठमोठे मिशीवाले पोरांसारखे एकमेकांच्या खांद्यावरून वाकत होते. चाचांनी शेवटी तिसऱ्या प्रकाराचंही नाव घेतलं. त्याला लोड सेन्सिंग म्हणतात. पंगतीत चांगला वाढपी असतो, ताटाकडं बघून जेवढं लागेल तेवढंच वाढतो, तसा तो पंप. मी म्हणालो, त्याला मराठीत…

“सर,” चाचा म्हणाले.

मी गप्प बसलो. वर्ग हसला, चाचाही हसले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा हात कंगव्याकडं गेला नाही.

माझी पाटी काढायला गेलो तर ती कडीला नव्हती. माझा विद्यार्थी ती छातीशी धरून दारात उभा होता आणि बाकीचे मोबाईलवर त्याचे फोटो काढत होते. त्यांनी मलाही शेजारी उभं केलं. तो फोटो ग्रुपवर आहे. खाली बायकोनं, ती त्या ग्रुपमध्ये कशी आली मला ठाऊक नाही, टाळ्या वाजवणारे सहा हात टाकले आहेत.

चहा आला. पद्धत म्हणून मी आभार मानायला उभा राहिलो. सेक्रेटरींचे मानले, चाचांचे मानले, मग भाषेकडं वळलो. भाषा ही सुद्धा वाहती असते असं म्हणालो, मग पाटाचं उदाहरण घेतलं, ते चाचांपेक्षा जरा लांबवलं, मग ज्ञान म्हणजे काय यावर आलो. चहा संपला. कप गोळा झाले. नवा लोडर निघून गेला. मावशींनी पिशवीत आधार कार्ड ठेवलं, उठल्या, लुगडं झटकलं आणि मी बोलतच होतो तेव्हा चाचांना विचारलं, मास्तर नेहमीच असे का. चाचा म्हणाले, दोन वर्षं झाली, रोज.

मावशींनी माझ्याकडं एकदा नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

“ह्ये ओपनचं हायेत,” त्या म्हणाल्या. “काम असो नसो, वाहात्यातच.”